तराईला ठेवलेलं पत्र

गोपिका लांजेवारला नोकरी लागली तेव्हा तिच्या सासूनं देवापुढे साखर ठेवली नाही, पोळपाट आपटला.

"जा बापा, जा. मोठी मॅडम होऊन राहिली तू," प्रयागबाई म्हणाल्या. "पण एक आयकून ठेव. नोकरी पक्की झाली त मी दुसरी बाई लावीन तव्यावर. नाही झाली त तवा तुह्याच नावानं हाय. मरेपर्यंत."

प्रयागबाईंची हुडकेश्वरला डब्यांची खानावळ. लग्न होऊन आल्यापासून गोपिका त्या तव्यासमोर उभी होती. पहाटे पोळ्या, दुपारी भांडी, संध्याकाळी पुन्हा पोळ्या. पगार नाही, सुट्टी नाही, आणि वर "माझ्या घरचं फुकट खाते" हे ऐकायचं. अमोल नावाचा नवरा होता, नाही असं नाही. पण आईसमोर त्याचं तोंड फक्त जेवायला उघडायचं. लग्नाआधी गोपिका मराठी टायपिंगची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली होती. ते सर्टिफिकेट कपाटात साड्यांच्या खाली दबून पडलं होतं. एक दिवस तिनं ते काढलं, आणि सासूला न विचारता सक्करदऱ्याला जाऊन मुलाखत देऊन आली. घरात भूकंप झाला. पण एकदा बाहेर पडलेली बाई परत आत ढकलणं प्रयागबाईंनाही जमलं नाही, म्हणून त्यांनी ही अट घातली.

ऑफिस होतं वामनराव गभणे यांचं. खापरखेड्याच्या बाजूला त्यांचा वीजकेंद्राच्या राखेच्या विटांचा कारखाना. ही वीट भट्टीत भाजत नाहीत. मशीनमध्ये दाबून काढतात आणि मग रोज पाणी मारून तिला मुरू देतात. त्या पाणी मारण्याला तिकडे तराई म्हणतात. तराईशिवाय वीट बाहेर पाठवली तर हातात तुकडे येतात. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वामनराव दिवसभर गाडीत, ड्रायव्हरच्या शेजारी. कारखान्यातून ऑफिसात, ऑफिसातून साइटवर. गाडीतूनच ते फोनवर पत्रं बोलून पाठवायचे. जावयानं त्यांना एक ॲप टाकून दिलं होतं, आपण बोलायचं आणि त्यानं लिहायचं. पण वामनरावांचं अर्धं वऱ्हाडी, अर्धं हिंदी आणि वरून तोंडातला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा तोबरा, ऐकून त्या ॲपनं दोन दिवसांत हात टेकले. तेव्हा माणूसच पाहिजे झाला.

माणूस होतं की. यमुताई होत्या. केस काळे होते तेव्हापासून त्या खुर्चीत बसलेल्या, लघुलेखनात पटाईत. वामनराव समोर बसून बोलायचे आणि यमुताईंची पेन्सिल त्यांच्या पुढे पळायची. पण फोनमधला आवाज घ्यायला त्या साफ नाही म्हणाल्या. "समोर माणूस नाही अन् त्याचं बोलणं कानात. हे का भूत बसवणं हाय?" वामनरावांनी हसून सोडून दिलं आणि गोपिकाला ठेवलं. ठेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "यमुताई, पोरीले तयार करा. तयार झाली की तुम्ही मोकळ्या. आता आराम करा."

आता सांगा, आपली खुर्ची काढून घ्यायला आलेल्या बाईला कोण शिकवेल? वामनरावांना वाटलं आपण उपकार केला. यमुताई एकट्या राहायच्या, घरी त्यांची वाट पाहणारं कोणी नव्हतं, आणि आराम हा शब्द त्यांना शिवीसारखा लागला. पण राग कुणावर काढायचा? मालकावर थोडाच काढता येतो! तो आला गोपिकावर.

पहिल्याच दिवशी गोपिकानं अदबीनं विचारलं, "ताई, साहेब बोलतात त्यातलं किती लिहायचं?"

"बोलतील तितकं," यमुताई संत्र सोलत म्हणाल्या. "एक अक्षर गाळायचं नाही. आपण कोण गाळणारे?"

गोपिका बिचारी नवीन. तिनं खरं मानलं. कामठी रोडच्या एका बिल्डरला जायचं पत्र तिनं कानात तार घालून शब्दन् शब्द उतरवलं आणि यमुताईंना तपासायला दिलं. यमुताईंनी ते घेतलं, चष्मा लावला, आणि हिशेब बघणाऱ्या दोघांना ऐकू जाईल असं खणखणीत वाचलं.

"'आपल्या मागणीनुसार विटा सोमवारी पोहोचतील अबे म्हैस पाह्य ना समोर भोंगा वाजव तरी उतरवून घेण्यास माणसे तयार ठेवावीत.' वा वं वा! म्हशीलेही सोमवारी पोहोचवून राहिली का?"

ते दोघे टेबलावर डोकं ठेवून हसले. चहावाला हसला. गोपिकाच्या कानशिलातून वाफा निघाल्या. ती रडेल असं यमुताईंना वाटलं होतं, पण ती रडली नाही. तिला चीड आली, आणि त्या चिडीनंच ती शिकली.

कशी शिकली म्हणाल, तर तव्यासमोर. पहाटे पोळ्या लाटताना पदराखालून कानात तार घालायची आणि वामनरावांचे जुने निरोप लावायची. प्रयागबाई ओरडायच्या, "गाणे आयकून राहिली का वं? पोळी जळून राहिली!" जळू दे. गोपिकाला हळूहळू तो माणूस ऐकू यायला लागला. ड्रायव्हरशी बोलताना त्यांचा आवाज बाजूला वळतो. वाक्य संपलं की ते "हं" म्हणतात. नवीन परिच्छेद हवा असला की "खाली ये" म्हणतात. खर्रा थुंकायला थांबले तर वाक्य अजून बाकी असतं, घाई करायची नाही. "त्या भामट्याले लिही" म्हणाले की 'महोदय' लिहायचं, आणि "किती दिवस झोपून राहशील" म्हणाले की 'आपले उत्तर अद्याप प्राप्त झाले नाही' लिहायचं. ही विद्या तिला कुणी दिली नाही. तिनं ती ओरबाडून घेतली.

दिवाळी झाली तोवर यमुताईंच्या लाल पेनला काम उरलं नाही. मग छळ दुसरीकडून सुरू झाला. पंख्याचं तोंड फिरवून ठेवणं, प्रिंटरमधला कागद काढून घेणं, चहा आला की "अगं बाई, तुहा राहिलाच" म्हणणं. गोपिकाही काही गाय नव्हती. ती यमुताईंच्या संत्र्याच्या साली उचलून त्यांच्याच पाण्याच्या ग्लासावर ठेवायची. असं दोघींचं चाललं होतं. गोपिका फक्त दिवस ढकलत होती. मार्चअखेर पक्कं करतो असं वामनरावांनी तोंडी सांगितलं होतं.

आणि मग ते बारसं आलं.

वामनरावांचे साडू मुकुंदराव. कारखान्यात राख येते ती यांच्याच ट्रकांनी. दोघांचं नातंही होतं, धंदाही होता, म्हणजे भांडायला दोन दोन कारणं. नातेवाइकांतल्या एका बारशात जेवणाच्या पंगतीत मुकुंदराव म्हणाले, "आमच्या वामनच्या विटा म्हणजे बिस्किटं गा. चहात बुडवून खायच्या." चार लोक हसले. वामनरावांच्या घशात बुंदी अडकली.

दुसऱ्या दिवशी गाडीतून निरोप आला. इतका मोठा आवाज, की गोपिकानं कानातली तार ओढून काढली.

"लिही! मुकुंद, तुही एक गाडी जरी माह्या फाटकात दिसली ना, त टायर काढून ठेवीन. खाली ये. नातं गेलं खड्ड्यात. तू माहा साडू नाही अन् मी तुहा नाही. बिस्किटं म्हणते लेकाचा! हं. पाठव. आत्ताच्या आत्ता पाठव!"

गोपिकानं टाइप केलं. 'महोदय, आजपासून आपल्या गाड्यांना आमच्या कारखान्यात प्रवेश बंद करण्यात येत आहे. आपला व आमचा व्यवहार, तसेच नातेसंबंध, संपुष्टात आले आहेत असे समजावे.' लिहून झाल्यावर तिचं बोट अडलं. घरच्या माणसाला असं पाठवायचं? ती उठून यमुताईंकडे गेली. शत्रू असली तरी जुनी बाई होती.

"ताई, हे पाठवू का?"

यमुताईंनी पत्र वाचलं. सावकाश वाचलं. "साहेबानं काय म्हटलं?"

"आत्ताच्या आत्ता पाठव म्हटलं."

"मंग मले काहून विचारून राहिली?"

गोपिकानं पाठवलं.

आता बघा, शिवी दिली असती तर मुकुंदरावांनी दोन परत दिल्या असत्या आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण लेटरहेडवर, शुद्ध मराठीत 'नातेसंबंध संपुष्टात'! मुकुंदरावांनी ते बायकोला दाखवलं. बायकोनं रडत बहिणीला, म्हणजे वामनरावांच्या शोभाताईंना, फोन केला. ट्रक जिथे होते तिथे थांबले. राख नाही म्हणून मशीन बंद, मशीन बंद म्हणून कामगार बिड्या ओढत बसलेले. आणि शोभाताईंनी नवऱ्याला फोनवर जे ऐकवलं, ते टाइप करायची हिंमत कोणत्याही बाईत नव्हती.

वामनराव जिना चढून आले तेव्हा आधी त्यांचा आवाज आला.

"कोणं पाठवलं ते पत्र? कोणं पाठवलं?"

"मी," गोपिका उभी राहिली. "तुम्हीच म्हटलं, आत्ताच्या आत्ता पाठव."

"मी म्हणतो! मी रागात काहीबी म्हणतो! तराईला काहून नाही ठेवलं?"

गोपिकाला काही कळेना. तराई विटांची असते. ऑफिसात कसली तराई?

तेव्हा तिला कळलं, आणि असं भर ऑफिसात, शिव्या खाताना कळलं. इतक्या वर्षांची इथली रीत होती ती. वामनराव रागात जे पत्र बोलतील ते टाइप करायचं आणि यमुताईंच्या टेबलाच्या डाव्या खणात ठेवून द्यायचं. पाठवायचं नाही. त्याला तराईला ठेवणं म्हणायचे. दुसऱ्या दिवशी वामनरावांनी आपणहून विचारलं, "कालचं गेलं का?" तर ते जायचं. नाही विचारलं तर फाडायचं. आठवण कुणी करून द्यायची नाही. अशी किती भांडणं त्या खणात जिरली होती, आणि वामनरावांचा धंदा त्या खणावर टिकला होता म्हटलं तरी चालेल.

"तुले तराई माहीत नाही?" वामनराव गरजले, आणि यमुताईंकडे वळले. "यमुताई, सांगितली होती ना हिले?"

यमुताईंनी मान वर केली नाही. "सांगितली होती. पहिल्याच दिवशी."

"खोटं!" गोपिका किंचाळली. "साफ खोटं! मी विचारायलाही गेली होती यांना—"

"आवाज खाली!" वामनराव म्हणाले. "यमुताईचे पाय धुवून पाणी पेली तरी तिची सर येणार नाही तुले. मले अक्कल शिकवते!" आणि पाय आपटत, साडूची समजूत काढायला निघून गेले.

त्या जिन्यावरच्या पावलांसोबत गोपिकाची नोकरीही खाली उतरली असं तिला वाटलं. मार्च कुठचा आणि पक्कं कुठचं. डोळ्यांसमोर तो काळा तवा दिसला आणि त्याच्यामागे प्रयागबाईंचं तोंड, "म्हटलं होतं ना मी." तिनं यमुताईंकडे पाहिलं. त्या संत्र्याच्या फोडीतल्या बिया काढत होत्या, अगदी निवांत. अशा वेळी माणसाच्या मनात काय काय येतं ते लिहायचं नसतं.

दुपारी फोन वाजला. एका निरोपात दोन पत्रं. पहिलं मुकुंदरावांना. झालं गेलं विसरा, गाड्या सुरू करा. आणि मग गाडीचा भोंगा, आणि मग—

"दुसरं लिही. गोपिका लांजेवार. ह्या बाईले उद्यापासून येऊ नको म्हणा. काडीची अक्कल नाही, घर मोडायले निघाली होती माहं. खाली ये. तिचा हिशेब करून टाका. हं. पाठव लगेच, आत्ता!"

काय माणूस म्हणावा! जिला काढायचं तिलाच सांगत होता, लिही. रागात त्याला आठवलंसुद्धा नसेल की त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला कान कोणाचा आहे.

गोपिकानं कानातली तार काढली, पुन्हा घातली. आणि तिनं लिहिलं. 'आपली सेवा यापुढे आवश्यक नसल्याने आपणांस उद्यापासून कार्यमुक्त करण्यात येत आहे.' समास सोडला, तारीख टाकली, एक चूक नाही. पहिलं पत्र मुकुंदरावांना पाठवलं. दुसरं छापून काढलं, उठली, यमुताईंच्या टेबलापाशी गेली आणि डावा खण उघडून त्यात ठेवलं.

यमुताईंनी लगेच काढून वाचलं. त्यांचा चेहरा उजळला आणि मग आठ्या पडल्या. "हे इथे काहून ठेवलं? पाठव म्हटलं ना साहेबानं?"

"राग होता आवाजात," गोपिका म्हणाली. "रागाचं पत्र तराईला ठेवायचं. इथली रीत हाय ना ताई? तुम्हीच त सांगितली मले. पहिल्याच दिवशी."

आता यमुताई काय म्हणणार? रीत सांगितलीच नव्हती, असं? हिशेबवाले दोघे कान टवकारून बसले होते. यमुताईंनी पत्र परत खणात टाकलं आणि खण असा लावला की ग्लासातलं पाणी सांडलं.

त्या रात्री गोपिकानं घरी काही सांगितलं नाही. पोळ्या लाटल्या. प्रयागबाई म्हणाल्या, "आज तोंड काहून उतरलं? काढलं का?" ती म्हणाली, "नाही. अजून नाही." त्या माउलीनं ते 'अजून' बरोबर हेरलं आणि सगळ्यात मोठा कणकेचा गोळा तिच्यापुढे सरकवला.

सकाळी वामनराव आले ते जरा हलके होऊन. ट्रक सुरू झाले होते. खुर्चीत टेकून चहा मागवला.

"मुकुंदचं गेलं होतं ना?"

"गेलं साहेब," गोपिका म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. आता विचारतील. आता 'आणि दुसरं?' म्हणतील. वामनरावांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्याले. हिशेबाचं काहीतरी बोलले. गाडीची किल्ली उचलली. उठले. नाही विचारलं! दारापर्यंत गेले. अजून दोन पावलं आणि ते पत्र फाडायचं झालं असतं.

"साहेब," यमुताई म्हणाल्या.

वामनराव वळले.

"कालचं दुसरं पत्र राहिलं."

"कोणतं?"

"हिचं. गोपिकाचं. खणात हाय."

वामनराव परत आले. "खणात कोणं ठेवलं?"

"मी," गोपिका म्हणाली. "राग होता तुमच्या आवाजात. म्हणून तराईला ठेवलं."

वामनरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते यमुताईंकडे पाहत होते. "यमुताई," ते म्हणाले, "खणातल्या पत्राची आठवण तुम्ही मले आजपर्यंत कधी देली नाही. एकदाबी नाही."

यमुताईंना तेव्हा कळलं आपण काय करून बसलो. त्यांनी संत्र हातात घेतलं आणि परत ठेवलं. पोरीला घालवायला जी बाई इतक्या वर्षांची रीत मोडते, तिनं ती रीत पोरीला सांगितली तरी असेल का, हे वामनरावांनीही ओळखलं. किल्ली खिशात टाकून निघून गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं हिशेबवाल्यांपैकी एक जण पुटपुटला.

दुपारी निरोप आला. गोपिकानं कानात तार घातली. भोंगा नव्हता, रस्ता नव्हता. गाडी कुठेतरी बाजूला लावून बोलत होते. खर्रासुद्धा तोंडात नव्हता.

"लिही. यमुताईंना. आपण इतकी वर्षं जे काम केलं त्याचे आभार. हं. या महिन्याच्या अखेरीपासून आपण निवृत्त व्हावं. हं. खाली ये. नव्या माणसाला इथली रीत सांगितली नाही आणि विचारलं तेव्हा सांगितली म्हणाल्या, यामुळे हे लिहावं लागून राहिलं. हं." मग, "दुसरं. गोपिका लांजेवार यांना पहिल्या तारखेपासून कायम करावं. हं. बस."

गोपिकाला आनंद झाला. झाला तो झाला, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही. प्रयागबाईंसमोर तो तवा उपडा करून ठेवायचा, हे तिनं तिथंच ठरवलं. मग तिनं पत्र लिहिलं. वामनराव जे बोलले होते त्यात फारसं बदलायची गरजच पडली नाही.

"कोणाचं?" यमुताईंनी विचारलं. प्रिंटर वाजला होता, आणि त्या सकाळपासून त्याचीच धास्ती घेऊन बसल्या असाव्यात.

"तुमचं."

यमुताईंनी हात पुढे केला नाही. डावा खण उघडला. "ठेव इथे."

"नाही ठेवता येत, ताई."

"काहून नाही ठेवता येत? रीत हाय. ठेव म्हणते ना मी!"

"राग नाही आवाजात."

"मोठी आवाज ओळखणारी आली! काल आली तू." यमुताई उठल्या. "आयकव मले."

गोपिकानं फोन त्यांच्यापुढे धरला. ज्या बाईनं त्या यंत्राला भूत म्हटलं होतं, तिनं तो दोन्ही हातांनी घेऊन कानाला दाबला आणि डोळे मिटले. निरोप संपला.

"पुन्हा लाव वं."

गोपिकानं पुन्हा लावला. यमुताई भुवया आवळून ऐकत होत्या, कुठेतरी आवाज चढेल, कुठेतरी टेबलावर मूठ आपटल्याचं ऐकू येईल, म्हणून. हिशेबवाले दोघे उगाच कागद चाळत होते.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा संपल्यावर त्यांनी फोन टेबलावर ठेवला, डावा खण लावला, आणि चष्मा घातला.

"नाही," यमुताई म्हणाल्या. "राग नाही. दे मंग."

गोपिकानं पत्र त्यांच्या हातात दिलं.